अमेरिकेतील परदेशी ट्रकचालकांचे परवाने आणि नवे निर्बंध

निरंजन_फ्रेस्नो | ६ डिसेंबर २०२५, सकाळी ९.१०

अमेरिकेत ट्रेलर, टँकर किंवा बस चालवण्यासाठी लागणारा व्यावसायिक परवाना, म्हणजे सीडीएल, राज्ये देतात. त्याचे किमान निकष मात्र १९८६च्या कायद्यापासून केंद्र सरकार ठरवते. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना नियमित सीडीएल मिळतो. जे इथे कायदेशीररीत्या राहतात आणि काम करू शकतात, पण कायमचे रहिवासी नाहीत, त्यांच्यासाठी ‘नॉन-डोमिसाइल्ड सीडीएल’ असा वेगळा प्रकार आहे. ज्यांचा असायलमचा, म्हणजे आश्रय मागण्याचा, अर्ज प्रलंबित आहे असे लोक, निर्वासित, लहानपणी आईवडिलांनी इथे आणलेले आणि ‘डाका’ योजनेखाली राहणारे तरुण, मायदेशातील युद्ध किंवा आपत्तीमुळे तात्पुरते संरक्षण मिळालेले ‘टीपीएस’धारक, अशा अनेकांनी वर्क परमिटच्या आधारावर हा परवाना घेतलेला आहे. त्यांची संख्या सुमारे दोन लाख, म्हणजे एकूण सीडीएलधारकांच्या साधारण पाच टक्के आहे.

परिवहन मंत्री शॉन डफी यांनी २६ सप्टेंबर २०२५ रोजी या प्रकारासाठी नवा अंतरिम नियम जाहीर केला आणि २९ सप्टेंबरला राजपत्रात प्रसिद्ध होताच तो लागूही झाला. लोकांकडून हरकती व सूचना मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मग नियम अमलात आणायचा, हा नेहमीचा क्रम उलटा करण्यात आला. नियम आधी लागू झाला आणि हरकतींची मुदत नंतर, नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत, देण्यात आली. नव्या नियमानुसार हा परवाना केवळ एच-२ए (हंगामी शेतकाम), एच-२बी (शेतीबाहेरचे हंगामी काम) आणि ई-२ (गुंतवणूकदार) या तीन व्हिसांच्या धारकांना मिळेल. नुसते वर्क परमिट यापुढे पुरणार नाही. परवान्याची मुदत मुक्कामाच्या परवानगीइतकी किंवा एक वर्ष, यांपैकी जी कमी असेल ती राहील, आणि प्रत्येक नूतनीकरणासाठी प्रत्यक्ष हजर राहावे लागेल. मोटार वाहतूक सुरक्षेची केंद्रीय संस्था एफएमसीएसए हिच्याच अंदाजाप्रमाणे सध्याच्या दोन लाखांपैकी सुमारे १,९४,००० चालक यामुळे हळूहळू या व्यवसायातून बाहेर पडतील.

या नियमामागे एक भीषण अपघात आहे आणि तो बाजूला ठेवून ही चर्चा प्रामाणिकपणे करता येणार नाही. १२ ऑगस्ट २०२५ रोजी फ्लोरिडात फोर्ट पियर्सजवळ टर्नपाइकवर, म्हणजे टोल महामार्गावर, एका ट्रेलरने मनाई असलेल्या जागी यू-टर्न घेतला; मागून येणारी मिनीव्हॅन ट्रेलरखाली घुसली आणि तिच्यातील तिघांचा मृत्यू झाला. चालक भारतीय नागरिक होता आणि त्याच्याकडे कॅलिफोर्नियाने दिलेला परवाना होता. परिवहन खात्याने नंतर जे सांगितले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्याला आधी वॉशिंग्टन राज्याने जो पूर्ण मुदतीचा सीडीएल दिला होता, तो द्यायलाच नको होता. जुलैमध्ये न्यू मेक्सिकोत त्याला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल थांबवले गेले, पण तिथे त्याच्या इंग्रजीची परीक्षा घेतली गेली नाही. अपघातानंतर घेतली तेव्हा बारापैकी दोनच तोंडी प्रश्नांची उत्तरे त्याला नीट देता आली आणि रस्त्यावरच्या चार चिन्हांपैकी एकच ओळखता आले.

म्हणजे या एका प्रकरणात परवाना देणारे कार्यालय चुकले, रस्त्यावरची तपासणी चुकली आणि ज्याला चिन्हे वाचता येत नाहीत असा चालक चाचणीत उत्तीर्ण झाला. या तिन्ही ठिकाणी नियम आधीपासून अस्तित्वात होते. इंग्रजी वाचता-बोलता येण्याची अट तर कितीतरी जुनी आहे. २०१६पासून ती पूर्ण न करणाऱ्या चालकाला जागीच थांबवणे बंद झाले होते, ते एप्रिल २०२५च्या अध्यक्षीय आदेशानंतर २५ जूनपासून पुन्हा सुरू झाले. अशा वेळी जुन्या नियमांची अंमलबजावणी घट्ट करणे हे काम कष्टाचे आणि वेळखाऊ आहे. त्याऐवजी एका संपूर्ण वर्गाला अपात्र ठरवण्यात आले, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. व्हिसाचा प्रकार पाहून चालकाला ब्रेक तपासता येतो का, घाटात गिअर कोणता ठेवायचा हे कळते का, हे समजत नाही.

१३ नोव्हेंबरला वॉशिंग्टन डीसीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने या नियमाला स्थगिती दिली. राज्यांशी कायद्याने आवश्यक असलेला विचारविनिमय झाला नाही आणि सुरक्षेचे समर्थन पुरेसे दिसत नाही, असे न्यायालयाचे प्राथमिक मत पडले. एफएमसीएसएच्याच आकडेवारीनुसार एकूण परवान्यांत पाच टक्के असलेले हे चालक जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे ०.२ टक्के अपघातांतच आढळतात, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले.

तरीही प्रश्न मिटलेला नाही. कॅलिफोर्नियाने सुमारे १७,००० चालकांना ६० दिवसांनंतर परवाना रद्द होईल अशा नोटिसा पाठवल्या आहेत. कारण काय, तर परवान्यावरची मुदत त्यांच्या मुक्कामाच्या परवानगीपेक्षा पुढची छापली गेली होती. ही तारीख कार्यालयाने छापली. काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला ती निवडता येत नाही. योग्य तारखेचा परवाना पुन्हा द्यावा, तर राज्यात या प्रकारचे परवाने देणेच बंद आहे. चूक एकाची, दंड दुसऱ्याला आणि चूक सुधारण्याचा मार्गही बंद, हे मला अन्यायकारक वाटते.

मी राहतो त्या सेंट्रल व्हॅलीत, फ्रेस्नो, बेकर्सफील्ड, स्टॉक्टन, युबा सिटी या पट्ट्यात, ट्रकचा धंदा मोठ्या प्रमाणावर पंजाबी लोकांच्या हातात आहे. देशभरात सुमारे दीड लाख शीख या व्यवसायात असावेत, असा त्यांच्या संघटनांचा अंदाज आहे. त्यांतले बहुसंख्य नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहेत आणि या नियमाचा त्यांच्याशी संबंध नाही. तरी पगडी दिसली की संशयाने पाहणे वाढले आहे, हे इथे रोज जाणवते. सभासदांनी आपली मते, विशेषतः या क्षेत्राची प्रत्यक्ष माहिती असल्यास ती, जरूर मांडावी.

---

मेघना_ओहायो | ६ डिसेंबर २०२५, दुपारी १२.४५

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही.

भरलेला ट्रेलर ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांपर्यंत वजनाचा असतो. तो ताशी १०० किलोमीटर वेगाने माझ्या मुलीच्या गाडीशेजारून जाणार असेल, तर तो चालवणाऱ्याचा पूर्वेतिहास सरकारला ठाऊक असावा, ही माझी अपेक्षा अवाजवी नाही. अमेरिकेत वाढलेल्या चालकाच्या बाबतीत राज्याला मागच्या दहा वर्षांची नोंद एका देशव्यापी यंत्रणेत पाहता येते. त्याने कुठे दारू पिऊन गाडी चालवली, कुठे परवाना निलंबित झाला, हे सर्व कळते. परदेशातून तीन वर्षांपूर्वी आलेल्या माणसाची त्याच्या देशातली अशी नोंद मिळवण्याची कोणतीही सोय नाही. ही उणीव खरी आहे आणि ती व्हिसाशी, म्हणजे माणूस कुठून व कधी आला याच्याशीच निगडित आहे.

०.२ टक्क्यांच्या आकड्यावर मी फार विसंबणार नाही. अपघाताच्या अहवालात चालकाचा परवाना नॉन-डोमिसाइल्ड होता की नाही, याची नोंद प्रत्येक राज्य सारख्याच काटेकोरपणे करत असेल, असे मला वाटत नाही. शिवाय एफएमसीएसएने तपासणी केली तेव्हा कॅलिफोर्नियातले या प्रकारचे एक चतुर्थांशाहून अधिक परवाने सदोष निघाले आणि टेक्सास, पेनसिल्व्हेनिया, कोलोराडो, साउथ डकोटा, वॉशिंग्टन इथेही गंभीर चुका आढळल्या. ज्या कार्यालयांना साधी मुदत नीट लिहिता येत नाही, त्यांनी चालनचाचणी नीट घेतली असेल असे कोणत्या भरवशावर मानायचे? घरात गॅसचा वास येत असेल तर गळती सापडेपर्यंत नळी बंद करतात. फोर्ट पियर्सला गेलेली तीन माणसे परत येणार नाहीत.

---

निरंजन_फ्रेस्नो | ६ डिसेंबर २०२५, दुपारी २.२०

मेघना, आपला पूर्वेतिहासाचा मुद्दा या नियमाच्या बाजूचा सर्वात सबळ मुद्दा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

परदेशातली चालन-नोंद मिळत नाही ही अडचण मान्य करू. ती नियमाने अपात्र ठरवलेल्या माणसाबाबत आहे, तशीच पात्र ठरवलेल्या माणसाबाबतही आहे. एच-२ए व्हिसावर हंगामी शेतकामासाठी आलेल्या चालकाची मूळ देशातली नोंद इथल्या राज्याला कुठे दिसते? वकिलातीतला अधिकारी गुन्हेगारी पार्श्वभूमी पाहतो, मुलाखत घेतो. पण त्या माणसाने आपल्या देशात किती अपघात केले याची यादी त्याच्यासमोर नसते. उलट, आठव्या वर्षी इथे आलेला, इथेच शाळेत शिकलेला, सोळाव्या वर्षापासून इथल्याच रस्त्यांवर गाडी चालवणारा ‘डाका’धारक तरुण घ्या. त्याची सर्व नोंद अमेरिकेतच आहे. नियम त्याला बाहेर काढतो आणि काल आलेल्या हंगामी कामगाराला आत घेतो. पूर्वेतिहास हाच निकष असता, तर तीन किंवा पाच वर्षांची निर्दोष स्थानिक नोंद दाखवा अशी अट घालता आली असती. तशी अट असती, तर मी तिचे समर्थन केले असते.

परवाना कोणत्या देशाच्या माणसाकडे आहे आणि तो किती सुरक्षितपणे चालवतो, यांत मोजता येण्याजोगा संबंध खात्रीने दाखवण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही, हे संस्थेने अंतरिम नियमाच्या मजकुरात स्वतःच मान्य केले आहे. सुमारे दोन लाख लोकांची रोजीरोटी काढून घेताना एवढ्यावर थांबणे मला पटत नाही.

सदोष परवाने शोधून दुरुस्त करायलाच हवेत. त्याबद्दल आपल्यात मतभेद नाही.

---

शिरीष_इंडियाना | ६ डिसेंबर २०२५, रात्री ८.०५

मी मालवाहतुकीच्या दलालीच्या व्यवसायात आहे. भार कोणाकडून कोणाकडे जाणार आणि कोणत्या दराने, हे ठरवणे हे माझे रोजचे काम. या चर्चेत आतापर्यंत दराचा विषय आलेला नाही आणि त्याशिवाय या नियमाला एवढा पाठिंबा का मिळाला हे समजणार नाही.

कोविडच्या काळात भाडे गगनाला भिडले, तेव्हा हजारो नवे ट्रक रस्त्यावर आले. २०२२पासून भाडे कोसळले, पण ट्रक त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. डिझेल, विमा, हप्ता आणि टायर यांचा खर्च वाढलेला असताना एकट्या ट्रकचा मालक मैलामागे मिळणाऱ्या पैशांत कसाबसा तग धरून आहे. अशा माणसाला जेव्हा सांगितले जाते की दोन लाख चालक कमी होतील, तेव्हा त्याच्या मनात आधी भाडे वाढण्याचा विचार येतो, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. लहान मालक-चालकांच्या ओओआयडीए या संघटनेने नियमाचे स्वागत केले. चालकांचा तुटवडा नाहीच, चांगल्या पगाराचा तुटवडा आहे, ही त्यांची भूमिका वर्षानुवर्षांची आहे. मोठ्या कंपन्यांची संघटना एटीए अनेक वर्षे तुटवड्याबद्दल बोलत आली, तरी तिनेही परवान्यांवरील कडक देखरेखीला पाठिंबा दिला.

मला दिसणारा खरा रोग वेगळा आहे. एखाद्या वाहतूक कंपनीचे सुरक्षागुण घसरले, तपासणीत तिच्या गाड्या वारंवार थांबवल्या जाऊ लागल्या, की ती कंपनी बंद होते आणि थोड्याच दिवसांत त्याच पत्त्यावर, त्याच गाड्यांसह, नव्या नावाने आणि नव्या डॉट क्रमांकाने, म्हणजे परिवहन खात्याच्या नोंदणी क्रमांकाने, उभी राहते. इथे अशा कंपन्यांना सरड्याच्या नावाने ओळखतात. आमच्या कार्यालयात एकदा एका भारासाठी आलेल्या ट्रकच्या दारावरचा क्रमांक नुसत्या कागदावर छापून चिकटपट्टीने लावलेला होता; कडा उचकटून खालचा जुना क्रमांक दिसत होता. भार दिला नाही. पण पुढच्या गोदामात तो कोणीतरी दिला असेलच. त्या ट्रकचा चालक कोणत्या व्हिसावर होता ते मला ठाऊक नाही. एवढे ठाऊक आहे की तो रोजच्या अकरा तासांच्या मर्यादेपेक्षा जास्त चालवत असणार, कारण तसे केल्याशिवाय त्या मालकाने घेतलेल्या दरात तो भार वेळेत पोहोचणे शक्यच नव्हते.

असे मालक नव्याने आलेल्या, कर्जात असलेल्या, तक्रार करायला घाबरणाऱ्या माणसाला शोधतात. तो माणूस परवाना गमावून घरी बसला, तर मालक दुसरा शोधेल. मालकावर कारवाई होईपर्यंत रस्ता सुरक्षित होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

कृष्णाकाठ | ७ डिसेंबर २०२५, सकाळी ७.३०

मी सांगलीचा. एसटी महामंडळात चालक आणि नंतर चालक-प्रशिक्षणात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. अमेरिकेतल्या कायद्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. प्रशिक्षणाबद्दल थोडे लिहितो.

अवजड गाडी चालवणे आणि अवजड गाडी थांबवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. नवा उमेदवार पहिल्या आठवड्यात गाडी चालवू लागतो. भरल्या गाडीने उतारावर ब्रेक तापू न देता, गिअरवर वेग आवरत खाली येणे जमायला मात्र कित्येक महिने लागतात, आणि हे त्याला शिकवणारा माणूस शेजारी बसलेला असावा लागतो. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी असलेली आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. शाळा न शिकलेले कितीतरी उत्तम चालक मी पाहिले आहेत, त्यामुळे अट गेल्याचे मला वाईट वाटले नाही. पण तिच्या जागी प्रशिक्षण जितके कडक व्हायला हवे होते, तितके ते झाले नाही.

एक इशारा द्यायचा आहे. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत मुलांना परदेशात ट्रकचालकाची नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये घेणारे एजंट फिरत आहेत. शेत गहाण टाकून पैसे भरलेली मुले मला ठाऊक आहेत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी २१ ऑगस्टलाच व्यावसायिक ट्रकचालकांसाठीचे कामाचे व्हिसा देणे थांबवत असल्याचे जाहीर केले आहे. आता कोणी अमेरिकेतल्या ट्रकच्या नोकरीसाठी पैसे मागत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. घरातल्या मुलांपर्यंत कृपया हे पोहोचवा.

निरंजनराव, मला एक सांगा. तिकडे परवान्याआधी किती दिवस शिकवतात, आणि शिकवणाऱ्यावर कोणाचे लक्ष असते?

---

निरंजन_फ्रेस्नो | ७ डिसेंबर २०२५, सकाळी १०.१५

काका, आपला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जातो.

७ फेब्रुवारी २०२२पासून नव्या उमेदवाराला केंद्रीय नोंदणीतल्या प्रशिक्षण संस्थेकडूनच शिकावे लागते. अभ्यासक्रम ठरलेला आहे. परंतु किमान किती तास गाडी चालवली पाहिजे, हे त्या नियमात ठरवलेलेच नाही. उमेदवार तयार झाला, असे प्रशिक्षकाने म्हटले की पुरते. चांगल्या शाळा चार ते आठ आठवडे शिकवतात, काही ठिकाणी ते काम फारच थोड्या दिवसांत उरकले जाते. आणि नोंदणी कशी होते? आपण निकष पाळतो, असे संस्थेने स्वतःच लिहून द्यायचे. याच आठवड्यात, १ डिसेंबरला, परिवहन खात्याने जाहीर केले की सुमारे ३,००० प्रशिक्षण संस्था या नोंदणीतून काढण्याची कारवाई सुरू झाली आहे आणि आणखी ४,५०० संस्थांना सूचना दिलेली आहे. या पावलाचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र त्याचा अर्थही नीट पाहायला हवा. जवळजवळ चार वर्षे या नोंदणीकडे कोणी पुरेसे लक्ष दिले नाही, आणि अशा संस्थांतून शिकून बाहेर पडलेल्या चालकांत नागरिकही आहेत, ग्रीन कार्डधारकही आहेत.

चाचणीबद्दल जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. माझा शेजारी चाचणीची तयारी करत होता, तेव्हा मी त्याच्यासोबत यार्डात गेलो होतो. इंजिन बंद करून किल्ली ‘ऑन’वर ठेवायची, हवेच्या ब्रेकचे पेडल पूर्ण दाबून धरायचे आणि काट्याकडे पाहत एक मिनिट थांबायचे. ट्रेलर जोडलेल्या गाडीत त्या मिनिटात दाब चार पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. मग पेडल दाबत-सोडत हवा कमी करत न्यायची आणि इशाऱ्याचा आवाज योग्य दाबाला येतो का ते पाहायचे. प्रत्येक कृती करताना ती परीक्षकाला इंग्रजीत सांगावी लागते, कारण प्रत्यक्ष चाचणीत दुभाषा चालत नाही. माझ्या शेजाऱ्याला त्यातला प्रत्येक शब्द कळत होता. त्याच्याआधी जो उमेदवार होता, तो मात्र पाठ केलेले म्हणत होता. प्रशिक्षकाने मध्येच एक वेगळा प्रश्न विचारला, तेव्हा त्याने पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. त्याला आणखी शिकवायला हवे होते. दोघांकडेही एकाच प्रकारचे वर्क परमिट होते. नव्या नियमाने हे दोघेही सारखेच अपात्र ठरतात.

---

रेवती | ७ डिसेंबर २०२५, दुपारी १.४०

हा धागा माझ्यासाठी केवळ चर्चेचा विषय नाही. माझे पती एच-१बी व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही अनेक वर्षे आहोत, आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर मिळालेल्या वर्क परमिटवर शाळेची बस चालवते. मराठी मंडळात हे सांगितले की लोकांना आश्चर्य वाटते. इथे बसचालकांची कायम चणचण असते, शाळा जिल्ह्याने प्रशिक्षणाचा खर्च केला, आणि मुले घरी येण्याच्या वेळेला मीही घरी असते, म्हणून मी हे काम निवडले. क्लास बी, म्हणजे ट्रेलर नसलेल्या अवजड वाहनाचा परवाना, त्यावर प्रवासी वाहतूक आणि शाळेची बस या दोन स्वतंत्र परीक्षा, बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी, हे सर्व पार करून मला बस मिळाली.

शेवटचे मूल उतरले की मी इंजिन बंद करून बसच्या मागच्या टोकापर्यंत जाते आणि प्रत्येक बाकाखाली पाहते. एखादे लहान मूल झोपून राहिलेले असू शकते. मागच्या दाराजवळ एक बटण आहे. ते दाबेपर्यंत गजर थांबत नाही, जेणेकरून चालकाला मागे जावेच लागावे. हे काम मी एकदाही चुकवलेले नाही.

नव्या नियमातल्या तीन व्हिसांत एच-४ नाही. माझे वर्क परमिट वसंत ऋतूत संपते. परमिटला आपोआप मिळणारी ५४० दिवसांची मुदतवाढही ३० ऑक्टोबरपासून बंद झाली आहे, आणि या आठवड्यात काही प्रवर्गांच्या परमिटची कमाल मुदत पाच वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणल्याचे जाहीर झाले आहे. म्हणजे परमिट वेळेत आले नाही तर काम बंद, आले आणि तोपर्यंत स्थगिती उठलेली असेल तर परवाना बंद. कोणी नेमकी माहिती देऊ शकेल का, की आज माझ्या परवान्याची स्थिती काय आहे?

---

तरतूद | ७ डिसेंबर २०२५, दुपारी ४.३०

रेवतीताई, मी वकील नाही. परवान्यांच्या अनुपालनाचे काम एका वाहतूक कंपनीसाठी करतो. जे निश्चित आहे तेवढे सांगतो.

आपल्या हातातला परवाना त्याच्यावर छापलेल्या तारखेपर्यंत वैध आहे, जर ती तारीख आपल्या वर्क परमिटच्या मुदतीपलीकडे जात नसेल. हे आजच तपासा. सप्टेंबरच्या नियमातसुद्धा पूर्वी योग्य रीतीने दिलेले परवाने लगेच परत घेण्याची तरतूद नव्हती. अडचण नूतनीकरणाच्या वेळी येणार होती. १३ नोव्हेंबरच्या स्थगितीमुळे २९ सप्टेंबरपूर्वीचे नियम पुन्हा लागू झाले आहेत, त्यामुळे वर्क परमिटच्या आधारावर नूतनीकरण कायद्याने शक्य आहे. मात्र जी राज्ये केंद्राच्या दुरुस्ती-कार्यक्रमाखाली आहेत, त्यांना चुका सुधारल्याचे दाखवेपर्यंत हे परवाने देणे बंद ठेवावे लागते, आणि इतरही काही राज्ये सावधगिरी म्हणून थांबलेली असू शकतात. आपल्या राज्याचा परवाना विभाग सध्या अर्ज घेतो का, हे शाळा जिल्ह्याच्या वाहतूक अधिकाऱ्यामार्फत लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरांवर थांबू नका. वर्क परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे आपल्याला तो आताच करता येईल. तो या आठवड्यात पाठवा.

हा खटला लढवणाऱ्यांत सार्वजनिक कर्मचाऱ्यांची आणि शिक्षकांची अशा दोन संघटना आहेत, तसेच वॉशिंग्टन राज्यातली किंग काउंटी आहे. काउंटीला आपल्या बससेवेच्या चालकांची काळजी आहे. त्यामुळे आपल्यासारख्यांचा विचार न्यायालयासमोर आलेला आहे.

---

मेघना_ओहायो | ७ डिसेंबर २०२५, रात्री ९.५०

रेवती यांचे लिहिणे वाचून मला वाईट वाटले. त्यांच्यासारख्यांना वगळणे चूक आहे, हे मी मान्य करते. एच-४ धारकांची माहिती सरकारकडे आधीच असते, त्यांच्या मुलाखती झालेल्या असतात, आणि त्या अनेक वर्षे इथल्याच रस्त्यांवर आहेत.

परंतु मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. असायलमचा अर्ज केला आणि सहा महिन्यांनी वर्क परमिट मिळाले, एवढ्यावर ३६ टनांचे वाहन हाती देणे मला आजही धोक्याचे वाटते. निरंजन म्हणतात त्याप्रमाणे स्थानिक नोंदीची अट घालायची असेल, तर ती लागू होईपर्यंत नवे परवाने थांबवावेत. जुन्यांची पुन्हा चाचणी घ्यावी. यात कोणावर अन्याय होतो, ते कृपया सांगा.

---

निरंजन_फ्रेस्नो | ८ डिसेंबर २०२५, सकाळी ८.२५

मेघना, पुनर्चाचणीला माझा पाठिंबा आहे. ती निष्पक्ष परीक्षकाने घ्यावी, ठरावीक मुदतीत घ्यावी आणि उत्तीर्ण होणाऱ्याला योग्य तारखेचा परवाना हातात द्यावा. कॅलिफोर्नियातल्या १७,००० लोकांना आज हाच पर्याय मिळत नाही आणि अन्याय इथेच होतो. त्यांच्यापैकी कोणाला चालवता येत नाही, असे राज्याचे म्हणणे नाही; नोटिशीत केवळ तारखांची विसंगती नमूद आहे. पुनर्चाचणी घेतली असती तर त्यांतले जे खरोखर अकुशल आहेत तेही सापडले असते. आज ते सापडणार नाहीत, आणि कुशल माणसेही घरी बसतील.

ट्रक हप्त्यांवर घेतलेला असतो. परवाना गेला की ट्रक उभा राहतो, पण हप्ता आणि विमा थांबत नाही. माझ्या ओळखीच्या दोन भावांनी मिळून एक ट्रक घेतला आहे. धाकट्याला नोटीस आली आहे, थोरल्याकडे ग्रीन कार्ड आहे. आतापर्यंत दोघे आळीपाळीने चालवत होते, म्हणून प्रत्येकाला कायद्याप्रमाणे सलग दहा तास विश्रांती मिळत होती आणि माल वेळेवर पोहोचत होता. आता एकट्या थोरल्याला तोच हप्ता भरायचा आहे. सुरक्षेच्या दृष्टीने यात काय मिळवले?

नवे परवाने काही काळ थांबवण्याबद्दल आपले म्हणणे मला विचार करण्यासारखे वाटते. त्यासाठी मुदत मात्र जाहीर झाली पाहिजे. मुदतीशिवायचा विराम म्हणजे व्यवहारात बंदीच.

---

शिरीष_इंडियाना | ८ डिसेंबर २०२५, सकाळी ११.००

निरंजन, त्या भावांना एक निरोप द्या. धाकट्याच्या नावावर डॉट क्रमांक किंवा विम्याची पॉलिसी असेल, तर परवाना रद्द होण्याच्या तारखेपूर्वीच विमा कंपनीला चालक बदलल्याचे लेखी कळवायला हवे. तसे न कळवता गाडी चालवली आणि काही झाले, तर दावा नाकारला जाऊ शकतो. यात घाई करा.

---

तरतूद | ८ डिसेंबर २०२५, दुपारी १२.१५

शिरीष यांच्या सूचनेत थोडी भर घालतो, कारण नोटीस आलेले आणखी काही लोक हा धागा वाचत असतील.

नोटिशीवरची तारीख येईपर्यंत परवाना चालू असतो. घाबरून तो आधीच जमा करू नये. तारीख उलटल्यावर मात्र एक दिवसही व्यावसायिक वाहन चालवू नये, कारण वैध सीडीएल नसताना चालवल्याची नोंद होते आणि पुढे पात्रता परत मिळाली तरी ती आड येऊ शकते. साध्या मोटारीचा परवाना मिळण्यास या रद्दीकरणाने बाधा येत नाही. नोटिशीची प्रत, वर्क परमिटच्या दोन्ही बाजूंची प्रत, मूळ परवान्याची प्रत, प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र एकत्र ठेवावे. परवान्यावर छापलेली मुदत आणि त्या वेळच्या वर्क परमिटवरची मुदत यांत किती अंतर होते, हे कागदावर लिहून ठेवावे. चूक कार्यालयाची होती हे पुढे दाखवायचे झाल्यास वकील पहिल्यांदा हेच विचारेल.

---